जुलैत खिडक्या उघडून इनडोअर पूल कोरडा का होत नाही?

मुंबईतल्या नव्या टॉवरच्या माहितीपत्रकात 'टेम्परेचर कंट्रोल्ड इनडोअर पूल' ही ओळ हल्ली हमखास असते. ताबा मिळतो, पहिला पावसाळा येतो आणि क्लब हाऊसमधल्या त्या पूलची कळा बदलते. पीओपीवर पिवळे डाग, काचांवर ओघळ, दाराच्या बिजागऱ्यांना गंज, आणि लिफ्टच्या लॉबीपर्यंत तो ओळखीचा क्लोरीनचा वास. कमिटी वॉटरप्रूफिंगवाल्याला बोलावते. तो वरच्या पोडियमची फरशी उकरतो, केमिकल मारतो, दहा वर्षांची गॅरंटी लिहून देतो. पुढच्या जुलैत डाग तिथल्या तिथे.

बऱ्याचदा ते पाणी वरून खाली आलेलंच नसतं. पूलमधून वाफ होऊन वर गेलेलं असतं आणि छताला लागून परत पाणी झालेलं असतं. याला वॉटरप्रूफिंगचा काही उपयोग नाही, कारण ज्या बाजूने पाणी येतंय ती बाजू खोलीच्या आतली आहे.

आधी खात्री करून घ्या

गळती की हवेतली ओल, हे ओळखायला कन्सल्टंट लागत नाही. डाग असलेल्या जागेवर दोन फूट बाय दोन फूट पारदर्शक प्लास्टिक लावा, चारही कडा टेपने घट्ट चिकटवा आणि दोनेक दिवस थांबा. प्लास्टिकच्या आत, म्हणजे भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीकडच्या बाजूला जमले तर ते हवेतून येतंय. दोन्हीकडे जमले तर दोन्ही दुखणी आहेत, आणि मुंबईत तेही काही दुर्मीळ नाही. डागाचा आकारही बोलका असतो. गळतीचा डाग एखाद्या पाइपपाशी किंवा भेगेपाशी सुरू होऊन पसरतो. हवेतली ओल मात्र बीम, धातूची चौकट, एसीचा डक्ट किंवा पलीकडे एसी चालू असलेली भिंत अशा गार जागा निवडून तिथेच बसते.

हवेत पाणी मावतं किती?

हवेत पाण्याची वाफ कायम असते, दिसत नाही इतकंच. गरम हवेत ती जास्त मावते, गार हवेत कमी. २४ अंश सेल्सिअसच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त २२ ग्रॅमच्या आसपास वाफ मावते, २८ अंशांना सुमारे २७ ग्रॅम आणि ३० अंशांना सुमारे ३० ग्रॅम.

हे लोकलच्या गाडीवरून समजून घेऊ. हवेचं तापमान म्हणजे गाडीला किती डबे जोडलेत ते. बारा डब्यांची गाडी तुडुंब भरली की शंभर टक्के. तेवढीच माणसं पंधरा डब्यांच्या गाडीत बसवली तर गाडी ८० टक्केच भरलेली दिसेल. माणूस एकही कमी झालेला नाही, फक्त जागा वाढली. २४ अंशांची पूर्ण भरलेली हवा २८ अंशांपर्यंत तापवली तर नेमकं हेच घडतं. आर्द्रता १०० वरून ८० वर उतरते आणि पाणी तेवढंच राहतं. हवामानाच्या बातम्यांत सांगतात ती सापेक्ष आर्द्रता, म्हणजे गाडी किती टक्के भरली आहे तो आकडा. आत माणसं नक्की किती आहेत, हे त्या आकड्यावरून कळत नाही.

आता उलट करा. पंधरा डब्यांची भरगच्च गाडी धावत असताना तीन डबे काढून घेतले तर त्यातली माणसं प्लॅटफॉर्मवरच उतरणार. हवा गार झाली की नेमकी अशीच जादा वाफ पाणी होऊन बाहेर पडते. ज्या तापमानाला हे सुरू होतं त्याला दवबिंदू म्हणतात. फ्रिजमधून काढलेली बाटली ओली होते ती यामुळेच, कारण बाटलीचा पृष्ठभाग हवेच्या दवबिंदूपेक्षा गार असतो. पूलच्या खोलीतलं छत, काच आणि खिडकीची चौकट याच नियमाने ओली होतात.

पुढच्या सगळ्या लेखात एवढाच नियम लागणार आहे : ज्या वस्तूचा पृष्ठभाग हवेच्या दवबिंदूखाली गेला, ती ओली होणार.

पूल दिवसाला किती पाणी हवेत सोडतो?

सोसायटीचा साधारण पूल धरू, १५ मीटर लांब आणि ६ मीटर रुंद. म्हणजे ९० चौरस मीटर पाणी उघडं. पाणी २८ अंश, हवा ३० अंश आणि आर्द्रता ६० टक्के असेल तर कोणी पोहत नसतानाही त्यातून तासाला आठेक लिटर पाणी हवेत जातं. माणसं पोहायला लागली की दहा लिटर. सुट्टीच्या दिवशी पोरं उड्या मारत असतील तर पंधराच्या घरात, कारण उडालेलं पाणी, ओली फरशी आणि ओली अंगं हे सगळं मिळून बाष्पीभवनाचा पृष्ठभाग वाढवतं. चोवीस तासांचा हिशेब केला तर सुमारे २०० लिटर. वीस लिटरचे दहा जार रोज त्या खोलीच्या हवेत ओतले जातात आणि पंप बंद असो, दिवे बंद असोत, रविवार असो, त्यात खंड पडत नाही.

पाणी आणि हवा यांच्या तापमानांचं नातं इथे महत्त्वाचं आहे. हवा पाण्यापेक्षा एक-दोन अंश गरम ठेवायची, असा जगभरचा प्रघात आहे. हवा पाण्यापेक्षा गार असली तर पाण्यातून बाहेर आलेल्या माणसाला हुडहुडी भरते आणि बाष्पीभवनही वाढतं. आर्द्रता ५० ते ६० टक्के ठेवायची. त्याच्या बरीच वर गेली की बुरशीला रान मोकळं. फार खाली नेली तर पूलमधून पाणी आणखी जोरात उडतं, पोहणाऱ्यांना थंडी वाजते आणि ओल काढणाऱ्या यंत्राचं काम वाढतं.

'मग खिडक्या उघडा की!'

एजीएममध्ये हा सल्ला देणारं कोणीतरी असतंच. बहुधा ते निवृत्त इंजिनिअर काका असतात आणि त्यांचा मुलगा टोरांटोला असतो. टोरांटोत हा सल्ला बरोबर आहे. तिथे जानेवारीत बाहेरची हवा शून्याखाली असते आणि शून्य अंशाच्या पूर्ण भरलेल्या हवेतसुद्धा घनमीटरला पाचच ग्रॅम पाणी असतं. अशी हवा आत घेऊन गरम केली की ती कोरडीठाक होते आणि पूलची वाफ शोषून घेते. थंड देशांतल्या पूलचं जुनं तंत्र हेच होतं. बाहेरची हवा आत घ्या, तापवा, ओली हवा बाहेर सोडा.

मुंबईचा जुलै घ्या. बाहेर २८ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता, जी त्या महिन्यात अगदी रोजची गोष्ट आहे. त्या हवेत घनमीटरला साधारण २३ ग्रॅम पाणी आहे. आपल्याला पूलच्या खोलीत हवी आहे ३० अंशांची, ६० टक्के आर्द्रतेची हवा, म्हणजे घनमीटरला १८ ग्रॅम. खिडकी उघडली की प्रत्येक घनमीटरमागे पाच ग्रॅम पाणी आत येतं. बाहेरची हवा आतल्यापेक्षा ओली आहे. ती पूलची वाफ काढून नेणार कशी? ती स्वतःचीच वाफ घेऊन येते.

आता या हवेला आकडा लावू. अमेरिकेतल्या 'ॲश्रे' या वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेचा मानक सांगतो की पूल आणि त्याभोवतीची ओली फरशी मिळून दर चौरस मीटरला सेकंदाला सुमारे २.४ लिटर ताजी हवा द्यावी. आपल्या ९० चौरस मीटरच्या पूलभोवती ६० चौरस मीटर फरशी धरली तर तासाला तेराशे घनमीटरच्या आसपास हवा होते. जुलैत ही हवा आपल्याबरोबर तासाला साडेसहा लिटर जादा पाणी आणते. पूलचे आठ-दहा आणि हे साडेसहा. म्हणजे खोलीतून तासाला पंधरा-सोळा लिटर पाणी काढावं लागतं. दिवसाला साडेतीनशे लिटर.

जानेवारीत चित्र पालटतं. दुपारी ३० अंश आणि ४० टक्के आर्द्रता असेल तर बाहेरच्या हवेत घनमीटरला बाराच ग्रॅम पाणी असतं. तेवढीच तेराशे घनमीटर हवा आता तासाला आठेक लिटर पाणी उचलून नेते, म्हणजे शांत पूलचं सगळं बाष्पीभवन. त्या महिन्यांत खिडकी खरोखर फुकटात काम करते. म्हणून काकांना पूर्ण चूक म्हणता येत नाही. त्यांचा सल्ला डिसेंबर ते फेब्रुवारी या काळापुरता बरोबर आहे, आणि सोसायटीत भांडणं होतात ती जून ते सप्टेंबरमध्ये.

गार भिंत कुठे आहे ते शोधा

परदेशी मार्गदर्शक पुस्तिका सांगतात की बाहेरची भिंत आणि बाहेरची काच सांभाळा, कारण तिथे ती थंड असते. मुंबईत बाहेरची भिंत पावसाळ्यातही पंचवीस-सव्वीस अंशांच्या खाली फारशी जात नाही. आपल्या इमारतीतली गार भिंत आतच असते. पूलच्या शेजारी जीम आहे, मधे काचेची भिंत आहे (जीममधून पूल दिसावा ही बिल्डरची हौस), आणि जीमचा एसी २२ अंशांवर आहे. पूलची हवा ३० अंश. साध्या एकेरी काचेचा पृष्ठभाग अशा वेळी दोन्हींच्या मधोमध, २६ अंशांच्या आसपास राहतो. पूलमध्ये आर्द्रता ६० टक्के असेल तर तिथला दवबिंदू साडेएकवीस अंश. काच कोरडी. आर्द्रता ८५ टक्क्यांवर गेली की दवबिंदू सत्तावीस अंशांवर. काचेवर ओघळ सुरू. एसीचा झोत थेट काचेवर पडत असेल तर ते त्याही आधी सुरू होतील.

पूलच्या वर एखाद्याचं बेडरूम असेल आणि तिथे रात्रभर एसी चालत असेल, तर स्लॅबची खालची बाजू गार होते. फॉल्स सीलिंगच्या वर हवा खेळत नाही आणि तिथे कोणी डोकावतही नाही. ओल तिथे महिनोन्‌महिने बसते. म्हणून पूलच्या आणि एसी खोलीच्या मधल्या भिंतीला उष्णतारोधक थर लागतो आणि वाफ अडवणारा पडदाही लागतो. तो पडदा पूलच्या बाजूला हवा. तो चुकून एसीच्या बाजूला लागला तर वाफ भिंतीत शिरते, पडद्याला अडते आणि भिंतीच्या पोटातच पाणी होते.

दवबिंदू काढायला ॲप नको. ५० टक्क्यांच्या वरच्या आर्द्रतेला एक ढोबळ गणित चालतं : शंभरातून आर्द्रता वजा करा, उत्तराला पाचाने भागा आणि जे येईल ते हवेच्या तापमानातून वजा करा. ३० अंश आणि ८० टक्के असेल तर शंभर वजा ऐंशी वीस, भागिले पाच चार, म्हणजे दवबिंदू २६. एक-अर्धा अंश इकडेतिकडे होईल, पण निर्णय घ्यायला पुरेसं आहे. भिंतीचं तापमान मोजायला पृष्ठभागावर रोखायचा इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या. कोविडच्या काळात गेटवर घेतलेली कपाळाची बंदूक बहुतेक वेळा इथे चालत नाही, ती माणसाच्या तापापुरतीच बनवलेली असते.

'दोन एसी लावले तर?'

एसी हवेतून पाणी काढतो हे खरं, पण ते त्याचं जोडकाम आहे. तासाला दहा लिटर वाफेचं पाणी करायलाच जवळपास दोन टनांची क्षमता लागते. घरगुती एसीच्या क्षमतेचा पाव ते एक तृतीयांश भागच वाफेवर खर्च होतो आणि उरलेली हवा गार करण्यात जाते. म्हणजे दहा लिटरसाठी सहा-सात टन एसी लावावा लागेल. तो खोली इतकी गार करेल की पोहायला कोणी उतरणार नाही. शिवाय हवा पाण्यापेक्षा गार झाल्यावर पाणी आणखी जोरात उडणार. त्यात हवेतल्या क्लोरीनच्या संयुगांनी एसीची ॲल्युमिनियम-तांब्याची कॉइल लवकर खाल्ली जाते ते वेगळंच.

'ऑनलाइन मिळणारे चार छोटे डिह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल काढणारी यंत्रं?' त्यांच्या खोक्यावर 'दिवसाला ५० लिटर' असं लिहिलेलं असतं. तो आकडा बहुधा ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेला मोजलेला असतो. आपल्याला खोली ६० टक्क्यांवर ठेवायची आहे आणि तिथे तेच यंत्र बरंच कमी पाणी काढतं. जुलैतल्या साडेतीनशे लिटरपुढे त्यांचा निभाव लागत नाही. ती यंत्रं कपड्यांच्या कपाटाच्या खोलीसाठी आहेत, तिथे ती उत्तम.

पूलचं खास यंत्र वेगळं काय करतं?

तत्त्व एसीचंच आहे, मांडणी वेगळी. खोलीतली दमट हवा आधी दवबिंदूपेक्षा गार कॉइलवरून जाते, पाणी गळून पडतं. मग तीच हवा त्याच यंत्राच्या गरम कॉइलवरून नेतात आणि उबदार, कोरडी करून खोलीत सोडतात. एसी जी उष्णता खिडकीबाहेर फेकतो ती इथे आतच राहते.

ही उष्णता थोडीथोडकी नाही. एक लिटर पाणी वाफ होताना पूलमधून सुमारे पाऊण युनिट ऊर्जा घेऊन जातं. दोनशे लिटरमागे रोजची सव्वाशे-दीडशे युनिट. पूलचं पाणी गार होत राहतं ते यामुळे. चांगल्या यंत्रात वाफेचं पाणी होताना मिळणारी ही उष्णता पुन्हा पूलच्या पाण्यात सोडायची सोय असते. त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत हीटरचं काम हलकं होतं.

पण हेच यंत्र युरोपातल्या कॅटलॉगवरून जसंच्या तसं उचलून मुंबईत बसवलं तर एप्रिल-मेमध्ये गंमत होते. पूलचं पाणी आधीच गरम, खोली आधीच गरम आणि यंत्र आणखी उष्णता आत सोडतंय. मग बत्तीस-तेहतीस अंशांच्या खोलीत लाइफगार्ड घामाने निथळत बसतो आणि कोणीतरी वैतागून यंत्रच बंद करतं. म्हणून मुंबईसाठी यंत्र घेताना जादा उष्णता बाहेर टाकणारं आउटडोअर युनिट त्याला जोडलेलं आहे का, हे विचारलंच पाहिजे. बिल्डरकडून ताबा घेताना कमिटीने आणखी एक गोष्ट लेखी मागावी : यंत्र तासाला किती लिटर पाणी काढतं, आणि ते किती तापमानाला व किती आर्द्रतेला. नुसतं 'इंपोर्टेड आहे' हे उत्तर नव्हे.

कोरडी हवा सोडायची कुठे, यालाही महत्त्व आहे. ती काचेवर आणि भिंतींवर खालून वर सोडतात, म्हणजे गार पृष्ठभाग कोरडे राहतात. पाण्याच्या पृष्ठभागावर जोराचा झोत येऊ द्यायचा नाही, नाहीतर बाष्पीभवन वाढतं. आपल्याकडे नेमके पूलवर रोखलेले मोठे पंखे लावलेले दिसतात.

वास येतोय म्हणजे पाणी स्वच्छ?

हा गैरसमज फार पक्का आहे. शुद्ध क्लोरीन योग्य प्रमाणात असेल तर पूलला जवळपास वास येत नाही. नाकाला झोंबतो तो क्लोरामाइनचा वास. पाण्यातला क्लोरीन घाम, लघवी आणि अंगावरची क्रीम-तेलं यांतल्या नायट्रोजनशी मिसळला की क्लोरामाइन तयार होतं. म्हणजे उग्र वास हे क्लोरीन घाण मारता मारता वापरला गेल्याचं लक्षण आहे. त्यातला ट्रायक्लोरामाइन हा प्रकार पाण्यात थांबत नाही, हवेत उडतो. डोळे चुरचुरणं, खोकला, दमा असलेल्यांना त्रास ही त्याची कामं. तो हवेपेक्षा जड असल्याने पाण्यावर फूटभर उंचीत साचतो, आणि पोहणारं मूल श्वास घेतं तो नेमका त्याच पट्ट्यातून.

यंत्र वाफ काढतं, पण हा वायू काढत नाही. त्यासाठी ताजी हवा लागतेच. म्हणजे जुलैत खिडक्या सताड उघडायच्या नाहीत, पण ताजी हवा पूर्ण तोडायचीही नाही. मोजून, डक्टमधून, यंत्रातून कोरडी करून आत घ्यायची. एक्झॉस्टचं तोंड छताजवळ न ठेवता पाण्याच्या पातळीजवळ ठेवलं तर तो जड वायू साचण्याआधीच ओढला जातो. बाहेर जाणारी हवा आत येणाऱ्या हवेपेक्षा थोडी जास्त ठेवतात, म्हणजे खोली आत ओढून धरते आणि वास लिफ्टच्या लॉबीत जात नाही. मात्र आत ओढणारी खोली दाराखिडक्यांच्या फटींतून पावसाळी हवाही ओढते, त्यामुळे फटी रबराच्या पट्ट्यांनी बंद करणं हे आपल्याकडे जास्त गरजेचं आहे.

पोहण्याआधी साबण लावून अंघोळ करा, ही पाटी सगळीकडे असते आणि वाचत कोणी नाही. क्लोरामाइन कमी करण्याचा तोच सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

डाग राहू द्या, छताचं काय?

स्वित्झर्लंडमधल्या उस्टर या गावात १९७२ साली सुरू झालेल्या इनडोअर पूलचं टांगतं काँक्रीटचं छत ९ मे १९८५ रोजी कोसळलं आणि १२ जणांचा जीव गेला. छत स्टेनलेस स्टीलच्या सळ्यांवर टांगलेलं होतं. गंजत नाही म्हणून निवडलेलं ते स्टील क्लोराइडच्या वातावरणात ताण सोसत असताना आतून तडकत गेलं होतं. वरून फारसा गंज दिसत नसताना धातू तुटण्याचा हा प्रकार आहे, म्हणून तो जास्त भयंकर. त्यानंतर पूलच्या छतात भार पेलणारं स्टील कोणतं वापरायचं याचे नियम युरोपात कडक झाले. नेहमीचं ३०४ किंवा ३१६ प्रतीचं स्टेनलेस स्टील पाण्याखालच्या शिडीला चालतं, कारण ती सतत धुतली जाते. डोक्यावर टांगलेल्या भारासाठी ते सुरक्षित धरत नाहीत.

आपल्याकडे क्लब हाऊसचं फॉल्स सीलिंग साध्या तारांवर आणि पत्र्याच्या पट्ट्यांवर लटकतं, आणि त्यात समुद्राची खारी हवाही भर घालते. माझं मत विचाराल तर बंद पूलवर पीओपी किंवा जिप्समचं फॉल्स सीलिंग असूच नये. स्लॅब उघडा ठेवा, त्याला वाफ न शोषणारा इपॉक्सीसारखा रंग द्या, दिवे भिंतीवर लावा. दिसायला साधं दिसेल. पण वर काय चाललंय ते निदान दिसेल. आधीच सीलिंग असेल तर दर वर्षी चार ठिकाणी पट्ट्या काढून तारा पाहिल्याच पाहिजेत. विजेचा पॅनलही त्या खोलीबाहेर हवा.

'रात्री यंत्र बंद ठेवलं तर बिल वाचेल'

कमिटीच्या खजिनदाराचा हा आवडता मुद्दा. पण पूल रात्रीही तासाला आठ लिटर सोडतच असतो. रात्री दहा ते सकाळी सहा यंत्र बंद ठेवलं तर चौसष्ट लिटर पाणी हवेत, आणि हवेत मावलं नाही की भिंतींवर. त्याच वेळी वरच्या बेडरूमचा एसी चालू, स्लॅब गार. सगळ्यात जास्त ओल याच आठ तासांत होते. सकाळी यंत्र सुरू केलं तरी भिंतीत शिरलेलं पाणी ते दुपारपर्यंत उपसत बसतं.

बिल वाचवायचं असेल तर रात्री पूलवर आच्छादन टाका. पाण्यावर नीट बसणारं आच्छादन बाष्पीभवन निम्म्याहून खाली आणतं. मग यंत्र चालू राहूनही कमी फिरतं, आणि माणसंच नसल्याने रात्री ताजी हवाही कमी घेता येते. हाताने गुंडाळायचं आच्छादन आठवडाभरात कोपऱ्यात पडतं हे मान्य. म्हणून भिंतीला बसवलेला रोलर घ्या आणि ते टाकणं-काढणं हे लाइफगार्डच्या कामाच्या वेळेत लिहून टाका. पाण्याचं तापमान एक अंशाने उतरवलं तरी फरक पडतो. बत्तीस अंशांचं पाणी गुडघेदुखीच्या व्यायामासाठी ठीक, रोजच्या पोहण्याला सत्तावीस-अठ्ठावीस पुरे.

इतका खर्च परवडत नसेल तर?

तर पूल बंद ठेवू नका. खोली उघडून टाका.

मुंबईत मला दोनच व्यवस्था पटतात. एक, पूर्ण बंद खोली : फटी बुजवलेल्या, भिंतींना थर दिलेला, पुरेशा क्षमतेचं यंत्र चोवीस तास चालू. दुसरी, पूर्ण उघडी जागा : वर छप्पर असलं तरी समोरासमोरच्या दोन बाजू मोकळ्या. उघड्या जागेत हवा ८५-९० टक्के दमट असली तरी चालतं, कारण तिथे छत आणि खांब हवेइतकेच उबदार असतात. दवबिंदूखाली जाणारी गार जागाच उरत नाही आणि क्लोरामाइनही वाऱ्यावर जातं. शिवाजी पार्कजवळचा महात्मा गांधी स्मारक जलतरण तलाव उघड्यावर आहे. तिथे पाऊस आला की माणसं भिजतात, पण तलावाच्या काठाला फॉल्स सीलिंगची काळजी नाही.

मधली अवस्था सगळ्यात वाईट. तीन बाजूंना काच, एका बाजूला दोन सरकत्या खिडक्या, छताला दोन एक्झॉस्ट फॅन आणि शेजारी एसी जीम. अर्धवट बंद खोली वाफ कोंडून ठेवते आणि यंत्र बसवलं तर ते खिडकीतून येणारं पावसाचं दमट वारं कोरडं करत बसतं. मुंबईतल्या बऱ्याच क्लब हाऊसचे पूल या मधल्या अवस्थेत असतात. अशा ठिकाणी काचेच्या दोन समोरासमोरच्या भिंती काढून जाळी किंवा लूव्हर (तिरप्या पट्ट्यांची हवेशीर झडप) लावणं, सीलिंग उतरवणं आणि जीमकडची काच दुहेरी करणं याला नव्या यंत्रापेक्षा आणि दर महिन्याच्या त्याच्या बिलापेक्षा खूप कमी खर्च येतो. 'इनडोअर म्हणून पैसे मोजले, आता उघडा पूल?' असं कोणीतरी विचारणारच. तो प्रश्न बिल्डरला विचारायचा आहे. जाळी लावण्याआधी आर्किटेक्टला दाखवा, आणि कोणती भिंत काढता येते ते त्याच्याकडून लेखी घ्या.

यातलं काहीही करण्याआधी एक पावसाळा आकडे लिहा. काही शे रुपयांचा हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रता मोजणारं यंत्र, पोहणाऱ्याच्या डोक्याच्या उंचीवर लावा, दाराजवळ किंवा एसीच्या झोतात नको. सकाळ, दुपार आणि रात्र पाण्याचं तापमान, हवेचं तापमान आणि आर्द्रता वहीत. तीन महिन्यांची ती वही असली की कोटेशन देणारा माणूस आपोआप नीट बोलायला लागतो.

यंत्रातून निघणारं पाणी

यंत्र बसवलं तर त्यातून जुलैत रोज साडेतीनशे लिटरपर्यंत पाणी बाहेर येईल आणि पाणीकपातीच्या शहरात ते गटारात सोडायला जीव होत नाही. ते दिसतं स्वच्छ, पण कॉइलवरच्या धातूंचे अंश आणि धूळ त्यात येते, ट्रेमध्ये साचलं तर जंतूही वाढतात. पिऊ नये. शुद्धीकरणाशिवाय थेट पूलमध्येही सोडू नये. फ्लशच्या टाकीकडे एक पाइप नेला तर ते तिथे बिनबोभाट वापरलं जातं. ट्रे मात्र दर महिन्याला साफ करावा लागतो आणि त्याच्या पाइपला पुरेसा उतार द्यावा लागतो, नाहीतर ट्रे भरून पाणी पुन्हा त्याच खोलीत सांडतं.